चंद्रही पडतोच आहे : तापीकाठच्या घरांसाठी गुरुत्वाकर्षण

(मंडळाच्या व्याख्यानमालेत आम्ही दोघांनी मिळून दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. वेळेअभावी बोलायच्या राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



पत्रिकेवर 'गुरुत्वाकर्षण' हा विषय वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, "अहो सर, शाळा सोडून चाळीस वर्षं झाली. आता गणपतीत पुन्हा परीक्षा घेता का?" परीक्षा घ्यायची नाही. उलट आज आम्हीच एका परीक्षेत नापास कसे झालो, ते सांगायचं आहे.

आम्ही दोघंही शिक्षक. गाव चाळीसगाव तालुक्यातलं. तापी लाइनच्या पॅसेंजरने सुरतेला आलो, ते इथलेच झालो. मराठी माध्यमाच्या मुलांना तीस वर्षं विज्ञान शिकवलं. 'गुरुत्वाकर्षण म्हणजे काय? भरती-ओहोटीची कारणे लिहा' हे प्रश्न किती वेळा फळ्यावर लिहिले असतील, त्याची मोजदाद नाही.

आणि ऑगस्ट २००६ मध्ये आमच्या अडाजणच्या तळमजल्यावरच्या घरात तापी शिरली. पाणी वाढणार हे दुपारपासून कानावर होतं. आम्ही म्हणालो, "पायरीपर्यंत येईल, फार तर." कपाटातलं खालच्या कप्प्यातलं सामान वरच्या कप्प्यात ठेवलं आणि जेवायला बसलो. रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या मासींनी हाका मारून मारून वर बोलावलं, म्हणून माणसं तेवढी कोरडी राहिली. लग्नाचे फोटो, मुलांची प्रगतिपुस्तकं, आईची पेटी, सगळं गेलं. पुढचे दिवस मासींच्या खिचडीवर आणि गच्चीवर काढले. वीज नव्हती. एका रात्री ढग फाटले आणि पूर्ण चंद्र दिसला. खाली सगळं पाणीच पाणी. आमचा नातू तेव्हा सहा वर्षांचा. तो म्हणाला, "आजोबा, एवढा मोठा चंद्र. तो का नाही पडत पाण्यात?"

आम्ही दोघं विज्ञानाचे शिक्षक. पण त्या रात्री त्याला म्हणालो, "झोप बाळा आता."

मासींच्या भिंतीवर आपलं मराठी कालनिर्णय होतं, आम्हीच दिवाळीला दिलेलं. दुसऱ्या दिवशी सहज नजर गेली. ९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नातवाच्या प्रश्नाचं उत्तर आणि आमच्या घरात पाणी इतका वेळ का थांबलं याच्या उत्तराचा एक भाग, दोन्ही त्या एका चौकटीत होतं. तीस वर्षं शिकवलेलं आम्हाला भिंतीवर वाचता आलं नव्हतं. आज ते आपण मिळून वाचू.

सुरुवात पडण्यापासून. आपल्यापैकी बहुतेकांच्या गावी विहीर होती. लहानपणी सगळ्यांनी तिच्यात दगड टाकले आहेत. 'डुबुक' ऐकू येईपर्यंत एक सेकंद गेला, तर पाणी सोळा फुटांवर. दोन सेकंद गेले, तर बत्तीस नव्हे, चौसष्ट फुटांवर. तीन सेकंदांत एकशे चव्वेचाळीस. पडणारी वस्तू एका वेगाने पडत नाही, क्षणाक्षणाला वेग वाढवत पडते. म्हणून पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस पाय मोडून वाचतो आणि चौथ्या मजल्यावरून पडलेला बहुधा वाचत नाही.

दुसरी गोष्ट. रिंग रोडच्या कापड मार्केटात वरच्या माळ्यावरून कापडाचा बांधलेला ताका आणि दोऱ्याची भरलेली बॉबिन एकदम सोडली, तर आधी काय पोचेल? बहुतेक जण ताका म्हणतात. दोन्ही जवळजवळ एकदमच पोचतात. तीच साडी घडी मोडून सोडली तर मात्र तरंगत येते. ती हलकी झाली म्हणून नव्हे; हवा तिला अडवते म्हणून. हवा काढून टाकली की भेद संपतो. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो-१५ चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून पक्ष्याचं पीस सोडलं. तिथे हवा नाही. दोन्ही एकदम खाली पोचली. गॅलिलिओने जे साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं, ते जगाने टीव्हीवर पाहिलं.

आता नातवाचा प्रश्न. सगळं पडतं, तर चंद्र का पडत नाही?

खान्देशातल्या मंडळींना गोफण सांगायला नको. ज्वारी दाण्यावर आली की माचाणावर बसून पाखरं हाकलायची. गोफणीत दगड घालून डोक्याभोवती फिरवला की दगड सुटून सरळ जायला पाहतो आणि दोरी त्याला सारखी आत ओढत राहते. या ओढाताणीतून गोल फिरणं होतं. दोरीचं एक टोक सोडलं की दगड सरळ सुटतो. चंद्रही असाच सरळ निघून जायला पाहतो. पण त्याला दोरी कोणती?

याचं उत्तर मिळालं त्या काळाशी आपल्या सुरतेची एक खूण जुळते. शिवाजी महाराज पहिल्यांदा सुरतेवर आले ते जानेवारी १६६४ मध्ये. त्याच्या पुढच्या वर्षी इंग्लंडात प्लेग पसरला, केंब्रिजचं विद्यापीठ बंद झालं आणि आयझॅक न्यूटन नावाचा बावीस-तेवीस वर्षांचा विद्यार्थी गावी परतला. सप्टेंबर १९९४ मध्ये गणेशोत्सव संपतो न संपतो तोच सुरतेत प्लेगची बातमी आली आणि आपल्यापैकी कितीतरी जण मिळेल त्या गाडीने गावी गेले. गावी जाऊन आपण काय केलं? ओसरीवर बसून बातम्या ऐकल्या. न्यूटनने तिथे बसून विचार केला की झाडावरचं फळ ज्या ओढीने खाली येतं, ती ओढ झाडाच्या शेंड्यापर्यंतच कशी थांबेल? डोंगरावर आहे, मग त्याहून वर का नसावी? चंद्रापर्यंत का नसावी?

नुसता विचार नव्हे, त्याने हिशोब केला. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे साठपट दूर आहे. अंतर वाढेल तशी ओढ अंतराच्या वर्गाने कमी होत असेल, तर तिथे ती साठ गुणिले साठ, म्हणजे छत्तीसशे पटींनी कमी हवी. आपल्या विहिरीतला दगड एका सेकंदात सोळा फूट पडतो. चंद्राला तेवढंच पडायला एक मिनिट लागायला हवं. आणि चंद्राचा मार्ग सरळ रेषेपासून दर मिनिटाला किती वळतो ते मोजलं, तर उत्तर येतं सोळा फूट.

बंधू-भगिनींनो, हा हिशोब आम्ही शेकडो वेळा फळ्यावर केला, पण आजही तो करताना अंगावर शहारा येतो. चंद्र पडत नाही असं नाहीच. तो दर मिनिटाला सोळा फूट पृथ्वीकडे पडतो आहे. पण त्याच मिनिटात तो सुमारे साठ किलोमीटर पुढेही जातो. जितका पडतो तितकीच पुढे जाताना पृथ्वीची गोलाई त्याच्या पायाखालून वळलेली असते. म्हणून तो कायम पडतो आणि कधीच पोचत नाही. विहिरीतला दगड आणि संकष्टीचा चंद्र यांना एकच नियम. हे सगळं नीट सिद्ध करून न्यूटनचा ग्रंथ बाहेर पडला १६८७ मध्ये.

इथे सभेत नेहमी एक प्रश्न येतो, तो आधीच घेतो. "सर, हे आपल्या भास्कराचार्यांनी आधीच सांगितलं नव्हतं का?" भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'सिद्धांतशिरोमणी' ११५० चा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, आणि भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने काढलेल्या मठाचा उल्लेख आहे. म्हणजे हे आमच्या तालुक्याचं भूषण, आम्ही ते कमी कसं करू? या ग्रंथाच्या गोलाध्यायात स्पष्ट म्हटलं आहे की पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, ती जड वस्तू आपल्याकडे ओढते आणि आपल्याला ती वस्तू पडल्यासारखी दिसते. पृथ्वीला खालून कोणाचा आधार नाही, कारण आकाश सगळीकडे सारखंच आहे, ती पडणार कुठे, हेही त्यात आहे. बाराव्या शतकासाठी हा फार मोठा विचार. पण तीच ओढ चंद्रालाही धरून आहे, अंतराप्रमाणे ती किती कमी होते आणि हिशोबात ती कशी उतरते, हे पाऊल न्यूटनचं. आजोबांनी विहीर खणली आणि दुसऱ्या कोणी तिच्यावर मोट चढवली, तर दोघांचंही नाव घ्यावं. त्याने आजोबा लहान होत नाहीत.

न्यूटनने आणखी एक कल्पना मांडली होती. उंच डोंगरावर तोफ ठेवून गोळा आडवा उडवला, तर तो थोडा पुढे जाऊन पडेल. जास्त दारू घातली, तर आणखी लांब पडेल. आणि एका सेकंदात आठ किलोमीटर जाईल इतक्या वेगाने उडवला, तर? एका सेकंदात तो सोळा फूट पडेल आणि आठ किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीची गोलाईही सोळा फूटच खाली वळते. मग गोळा जमिनीला टेकणारच नाही, फिरत राहील. उपग्रह म्हणजे हाच गोळा. १९ एप्रिल १९७५ ला आपला पहिला उपग्रह 'आर्यभट' सुटला, तो असाच पडत पडत पृथ्वीभोवती फिरला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं असं मुलं सांगतात. प्रत्यक्षात ते इथल्या सुमारे नव्वद टक्के असतं. माणसं तरंगतात, कारण माणसं, पेले, पाणी आणि यान सगळं एकत्रच पडत असतं. दोर तुटलेल्या लिफ्टमध्ये कोणी कोणाच्या अंगावर भार टाकत नाही, तसं.

इथपर्यंत आकाशातलं झालं. आता आपल्या तापीच्या मुखाकडे येऊ. कारण आमचं घर बुडालं त्याचा संबंध इथे आहे.

पृथ्वी चंद्राला ओढते तसा चंद्रही पृथ्वीला ओढतो. पृथ्वीही थोडी थोडी चंद्राकडे पडत असते. पण पृथ्वी हा लहान दगड नाही. तिची चंद्राकडची बाजू जवळ, मध्य थोडा दूर, पलीकडची बाजू त्याहून दूर. जवळच्या समुद्रावर ओढ जास्त, म्हणून तिथलं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा थोडं पुढे सरकतं आणि फुगतं. पलीकडच्या समुद्रावर ओढ कमी, म्हणून तिथलं पाणी मागे राहतं आणि तिथेही फुगवटा येतो. भरती म्हणजे पडण्यातला हा फरक. म्हणून दिवसातून एकदा नव्हे, दोनदा भरती. चंद्र वर आहे म्हणून भरती, हे मुलांना पटतं. तो पायाखाली पृथ्वीच्या पलीकडे असतानाही भरती येते, हे पटायला वेळ लागतो.

सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा सुमारे एकशे ऐंशी पट जोराने ओढतो. मग भरती सूर्याची का नाही? कारण सूर्य इतका दूर आहे की पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूच्या अंतरातला फरक त्याला किरकोळ. भरतीला ओढ किती हे महत्त्वाचं नाही, ओढीतला फरक किती हे महत्त्वाचं. त्यामुळे भरतीत सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी.

आता पंचांग घ्या. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात. दोघांचे फुगवटे एकावर एक. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र काटकोनात, एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खळग्यात. ही भांगाची भरती, म्हणजे मवाळ. उधाणाचा आणि भांगाचा सर्वांत मोठा परिणाम एक-दोन दिवस मागाहून दिसतो. आणि वेळ? संकष्टी करणाऱ्या आमच्या भगिनींना हे पाठ आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटांनी उशिरा. म्हणून चौथ्या दिवशी, संकष्टीला, नऊ-साडेनऊपर्यंत उपाशी थांबावं लागतं. भरतीची वेळही रोज तेवढ्याच, सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. उपवास आणि समुद्र एकाच घड्याळावर चालतात.

आता याच पंचांगावर आपल्या गणपतींचं विसर्जन लावून पाहा. दीड दिवसाचा जातो पंचमीला, तेव्हा अमावास्येचं उधाण ओसरत आलेलं असतं. पाच दिवसांचा जातो अष्टमीच्या सुमारास. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात आणि मूळ नक्षत्रावर जातात, त्याही साधारण सप्तमी ते नवमीच्या आसपास. हा भांगाचा काळ. समुद्र फार आत येत नाही आणि फार मागेही जात नाही. आणि अनंत चतुर्दशी? पौर्णिमेचा आदला दिवस. समुद्र उधाणाच्या तोंडावर. पाणी झपाट्याने चढतं, तितक्याच झपाट्याने उतरतं. आता तापीत विसर्जन होत नाही. कृत्रिम तलाव आहेत आणि मोठ्या मूर्ती डुमस, मगदल्ला, हजिऱ्याला जातात. तिथे ओहोटीत घाईने सोडलेली मूर्ती चिखलात बसते आणि भरतीची वेळ न पाहता वाळूवर उभी केलेली गाडी पाण्यात जाते. हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन्ही टाळता येतं आणि त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर आणि भरतीच्या वेळांचं पत्रक पुरतं.

आपल्या बाजूला हे जास्त जपावं लागतं, कारण आपला समुद्र वेगळा आहे. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंडाशी रुंद, आत अरुंद आणि उथळ. भरतीचं पाणी आत शिरताना दोन्ही बाजूंनी दाबलं जातं आणि उंच होत जातं. आत भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो, भारतात सर्वांत जास्त. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बारा-एकच्या आसपास असते. तीच लाट आखातात वर सरकायला आणखी काही तास घेते. हे ज्ञान नवीन नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासग्रंथात, 'पेरिप्लस'मध्ये, आपल्या शेजारच्या भरूच बंदराचं वर्णन आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला तिथलं पाणी फार चढतं आणि भरूचला तर जमीन आणि समुद्र यांची अदलाबदल होते, असं त्या लेखकाने नोंदवलं आहे. कारण त्याला माहीत नव्हतं, पण तिथी माहीत होती. आणि जहाज वाचवायला तिथी पुरेशी होती.

आता तापी. ती मध्य प्रदेशात मुलताईला साडेसातशे मीटर उंचीवर निघते आणि ७२४ किलोमीटर उतरत आपल्याकडे येते. नदी म्हणजे तरी काय? पडणारं पाणीच. डोंगरात जोराने पडतं, मैदानात सावकाश. तिच्या खोऱ्याचा सुमारे चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. पूर्णा चांगदेवजवळ मिळते, वाघूर, गिरणा, पांझरा पुढे मिळतात. भास्कराचार्यांच्या पाटणादेवीच्या डोंगरातला पाऊसही तितूर, गिरणा करत शेवटी तापीतच येतो. आपण ज्या वाटेने सुरतेला आलो, त्याच वाटेने आपल्या गावचं पाणीही येतं. गावाहून भावाचा फोन आला, "यंदा पाऊस लई जोराचा आहे," की आपल्याला बरं वाटतं. त्या फोनचा दुसरा अर्थ ध्यानात यायला आम्हाला २००६ साल उजाडावं लागलं.

त्या ऑगस्टमध्ये वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला. १९७२ मध्ये पूर्ण झालेलं उकाई धरण भरत आलं आणि सोडलेलं पाणी सुमारे नऊ लाख क्यूसेकपर्यंत गेलं. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. नऊ लाख क्यूसेक म्हणजे एका सेकंदाला अडीच कोटी लिटर. ७ ऑगस्टपासून शहरात पाणी चढत गेलं आणि शहराचा बहुतेक भाग त्याखाली गेला.

हे पाणी शेवटी समुद्रात पडायचं. पडायला उतार हवा. शहर ते समुद्र या शेवटच्या टप्प्यात मुळात उतार थोडा आणि ९ तारखेला पौर्णिमा. शिवाय त्या दिवसांत चंद्र त्याच्या फेरीतल्या पृथ्वीजवळच्या टप्प्यावर होता. म्हणजे उधाणही मोठं. दिवसातून दोनदा समुद्र नदीच्या तोंडाशी उंच होत होता आणि उतार कमी होत होता. नदी उतरायला पाहत होती आणि दारात समुद्र उभा होता.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. पूर चंद्राने आणला नाही. पूर पावसाने आला, सोडलेल्या पाण्याने आला. नदीपात्र आक्रसलं होतं, काठावर बांधकामं चढली होती, त्यानेही आला. धरणातलं पाणी कधी आणि किती सोडावं यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. ती जाणकारांची आहे. चंद्रावर ढकलून कोणाची जबाबदारी संपत नाही. पण बाकी सगळ्या गोष्टींबद्दल तेव्हा अंदाजच करता येत होता. एक पौर्णिमा तेवढी वर्षभर आधी छापून भिंतीवर टांगलेली होती.

घरी परतलो तेव्हा भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. आम्ही रंग दिला, पण स्वयंपाकघराच्या दाराजवळ ती वीतभर तशीच ठेवली आहे. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली. पौर्णिमेनंतर अठराच दिवसांनी. मंडळाचा मंडप यंदा नको असं बरेच जण म्हणत होते. शेवटी लहानशी मूर्ती बसली, आरास नव्हती, वर्गणी कोणी मागितली नाही. आरतीला मात्र एरवी न दिसणारी माणसं आली, मासींचं अख्खं घर आलं. चिखलाने भरलेली घरं सोडून लोक तासभर एकत्र उभे होते. ती आरती इथल्या अनेकांना आठवत असेल.

मग करायचं काय? तीनच गोष्टी सांगतो.

पहिली. आषाढ ते भाद्रपद या काळात कॅलेंडरवर अमावास्या आणि पौर्णिमा, आणि त्यांच्या पुढचे दोन दिवस, लाल पेनाने गोल करा. वर खोऱ्यात मोठा पाऊस, उकाईतून मोठा विसर्ग आणि हे गोल केलेले दिवस, तिन्ही एकत्र आले तर 'पायरीपर्यंत येईल' म्हणू नका. कागदपत्रं, औषधं आणि वडीलधारी माणसं आधी वर न्या. सामान मागून.

दुसरी. भरतीच्या वेळा अंदाजाने नव्हे, छापील मिळतात. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो. वर्षभराच्या वेळा आणि उंची आधी काढता येतात, कारण चंद्र आणि सूर्य नियम मोडत नाहीत. विसर्जनाची मिरवणूक ठरवताना मंडळाने बँडच्या वेळेआधी भरतीची वेळ पाहावी, ही आमची कार्यकारिणीला जाहीर विनंती. लहान मुलं पाण्याकडे धावतात. उधाणाचं पाणी त्यांच्यापेक्षा वेगाने येतं.

तिसरी गोष्ट आजी-आजोबांसाठी. नातवंडांनी चंद्राबद्दल विचारलं तर 'झोप आता' म्हणू नका. येत नसेल तर म्हणा, "उद्या बघून सांगतो." आणि खरंच बघून सांगा.

आमचा तो नातू आता सव्वीस वर्षांचा आहे. त्याला त्याचं उत्तर आम्ही पुराच्या दुसऱ्या वर्षी दिलं, गावच्या विहिरीवर. दगड टाकला, सेकंद मोजले, मग वर चंद्राकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, "तोही पडतोच आहे. फक्त पुढे जायचं थांबत नाही." तो जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखंच. गावाहून निघालो आणि थांबलोच नाही." आम्ही काही बोललो नाही. गाव सोडून चाळीस वर्षं झाली, तरी दर उन्हाळ्यात, दर लग्नकार्यात ओढ तीच. न तिकडे पूर्ण पडतो, न सुटून जातो. या सभागृहातल्या बहुतेकांची गत हीच असावी.

यंदा अनंत चतुर्दशीला बाप्पाला निरोप देऊन परतताना एकदा वर पाहा. पौर्णिमेला एक दिवस कमी असलेला चंद्र आकाशात असेल. तो समुद्र उचलत असेल आणि त्याच वेळी पडतही असेल. त्याला नमस्कार करा आणि घरी जाऊन पुढच्या पौर्णिमेवर लाल गोल करा.

 गणपती बाप्पा मोरया!